छर्रेमीमांसा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दरवर्षी मार्च ते मे या काळात, म्हणजे रानटी टर्कीच्या विणीच्या हंगामात, ज्ञानाची एक अशी शाखा बहरास येते की जिच्यात भूमिती, धातुशास्त्र, संख्याशास्त्र आणि वैवाहिक मुत्सद्देगिरी यांचा एकत्र अभ्यास करावा लागतो, जिच्यासाठी कोठेही अध्यासन नाही आणि तरीही जिचे आचार्य गावोगावच्या बंदुकांच्या दुकानांत, पेट्रोल पंपांवर आणि चर्चच्या आवारात विनासायास भेटतात. या शाखेचा मूळ प्रश्न वरकरणी लहानसा आहे. बारा बोअरच्या बंदुकीत कोणते काडतूस घालून आणि नळीच्या तोंडाशी कोणता चोक बसवून बार काढला असता छर्ऱ्यांचा फैलाव टर्कीच्या डोक्यासाठी सर्वोत्तम पडतो, एवढेच काय ते ठरवायचे असते. सुज्ञ माणसाला वाटेल की याचा निकाल एका दुपारी लागावा. परंतु ज्यांनी या प्रश्नात पंचवीस-तीस हंगाम घालवले ते विचारल्यावर नम्रपणे सांगतात की उत्तर आता जवळजवळ हाती आले आहे, फक्त आणखी एक काडतूस तपासून पाहायचे राहिले आहे.

अडचण पक्ष्याच्या शरीररचनेपासूनच सुरू होते. पूर्ण वाढलेला नर आठ-दहा किलो वजनाचा असतो, त्याच्या अंगावर पिसांचे जाड चिलखत आणि त्याखाली भरघोस मांस असते, त्यामुळे अंगावर मारलेले बारीक छर्रे त्याला जखमी करतात पण जागच्या जागी पाडत नाहीत, आणि पक्षी जखमी करून सोडणे हा शिकारीच्या नीतीत कलंक मानला जातो. म्हणून एवढा प्रशस्त देह समोर असूनही नेम धरायचा तो दोन-तीन बोटे रुंदीच्या डोक्यामानेवर, आणि हे अवयव स्थिर राहण्याबद्दल मुळीच प्रसिद्ध नाहीत. शिवाय हे डोके भावनेनुसार रंग बदलते. १६१२ साली मुकर्रब खान या मोगल सरदाराने गोव्याहून आणलेल्या दुर्मीळ वस्तूंमध्ये एक टर्की होता आणि त्याच्या डोक्यामानेवर लाल, पांढरा आणि निळसर असे रंग आलटूनपालटून चढताना पाहून बादशहा जहांगीर इतका चकित झाला की त्याने ते आपल्या आत्मचरित्रात नोंदवले. त्याचा दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर याने काढलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जहांगीर हा हाडाचा शिकारी, तरीही टर्की पाहून त्याला कुंचला सुचला, याचे कारण त्याच्या दरबारात चोक विकणारा कोणी नव्हता हेच असावे. अमेरिकेतील शिकाऱ्याला मात्र या तीन रंगांची भीतीच बाळगावी लागते, कारण झुडपाआड लाल, पांढरे किंवा निळे काही हलले तर पलीकडचा शिकारी त्याला टर्की समजण्याचा धोका असतो. परिणामी आपल्या राष्ट्रध्वजाचे नेमके तेच तीन रंग अंगावर घालणे त्या देशातील कडव्यातल्या कडव्या देशभक्तालाही या दिवसांत रानात परवडत नाही.

आता फैलाव म्हणजे काय ते पाहू. छर्ऱ्याच्या काडतुसात तळाशी दारू, तिच्यावर प्लॅस्टिकचा पेला आणि त्या पेल्यात शेकडो छर्रे अशी रचना असते. बार निघाला की पेला मागे पडतो आणि छर्रे घोळक्याने पुढे जातात, व जसजसे अंतर वाढते तसतसा हा घोळका पसरत जातो. या पसरण्याची जी खूण कागदावर उमटते तिला पॅटर्न म्हणतात. जुन्या नियमानुसार चाळीस वारांवर, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरवर, तीस इंची वर्तुळात एकूण छर्ऱ्यांपैकी सत्तर टक्के पडले की चोक पूर्ण मानला जाई. टर्कीच्या शिकाऱ्यांनी हे वर्तुळ दहा इंचांवर आणले आणि त्यात शंभर छर्रे पडलेच पाहिजेत असा दंडक घातला. शंभरच का, याचे समाधानकारक उत्तर एकच संभवते, ते म्हणजे माणसाच्या हातांना दहा बोटे असतात. कारण अठ्ठ्याण्णव छर्ऱ्यांच्या वर्तुळात सापडलेल्या कोणत्याही टर्कीने दोन कमी पडल्याची तक्रार आजवर नोंदवलेली नाही.

या शास्त्राची परिभाषा ज्यांनी घडवली त्यांनी नवख्याला बाहेर ठेवण्याची चोख व्यवस्था केलेली दिसते. एक पौंड शिशापासून नळीत नेमक्या बसणाऱ्या बारा सारख्या गोळ्या होत असतील तर ती नळी बारा गेजची, म्हणजेच बारा बोअरची, आणि वीस होत असतील तर वीस गेजची. अर्थात आकडा जितका मोठा तितकी नळी लहान. छर्ऱ्यांच्या आकाराबाबतही तोच न्याय. सतरातून छर्ऱ्याचा नंबर वजा केला की त्याचा व्यास इंचाच्या शतांशांत मिळतो, म्हणजे चार नंबरचा छर्रा ०.१३ इंचांचा आणि नऊ नंबरचा ०.०८ इंचांचा. काही काडतुसांच्या खोक्यांवर दारूचे प्रमाण ‘ड्रॅम’मध्ये दिलेले असते, पण ते आत भरलेल्या दारूचे नसून, तेवढाच वेग मिळवण्यासाठी पूर्वीची काळी दारू किती लागली असती त्याचे असते. शाळेत ज्याला व्यस्त प्रमाणाच्या गणितांनी घाम फोडला होता अशा प्रस्तुत लेखकासारख्या माणसाचा दुकानदाराशी होणारा संवाद साधारण पुढीलप्रमाणे चालतो.

“चार नंबरचा छर्रा सात नंबरच्या छर्ऱ्याहून लहान असेल, नाही?”

“मोठा.”

“बरं. म्हणजे बारा गेजची बंदूक वीस गेजपेक्षा लहान?”

“मोठी.”

“मग ही चारशेदहा तर अगदीच बारीक असणार.”

“बारीकच आहे. पण तिचा आकडा उलटा नाही, सरळ आहे. ०.४१० इंच.”

येथे ग्राहकाचे खरोखर समाधान झालेले नसते, परंतु समजल्याचा आविर्भाव करून तो दोन खोकी घेतो, आणि बंदुकांचा किरकोळ व्यापार मुख्यतः याच आविर्भावावर उभा आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

छर्रा गोल कसा होतो हा प्रश्नही एके काळी मोठा होता. ब्रिस्टल येथील विल्यम वॉट्स या नळकामगाराने १७८२ साली त्याचे पेटंट घेतले. वितळलेले शिसे चाळणीतून उंचावरून ओतले की खाली पडता पडता थेंब गोल होतात, हे सिद्ध करण्यासाठी त्याने स्वतःच्या राहत्या घरावर मनोरा चढवला आणि घराखाली खोल खड्डा खणला. वॉट्सच्या घरातील मंडळींचे यावर काय म्हणणे पडले ते इतिहासाने नोंदवलेले नाही, परंतु छर्ऱ्यांपायी संसार वरपासून खालपर्यंत पोखरण्याची परंपरा किती जुनी आहे ते यावरून ध्यानात यावे.

छर्ऱ्यांनंतर चोक येतो. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी केलेला आकुंचित भाग, जो आता वेगळ्या आटेदार नळीच्या रूपाने विकत मिळतो आणि हवा तेव्हा बदलता येतो. बारा बोअरच्या नळीचा आतील व्यास सुमारे ०.७२९ इंच, टर्कीसाठीच्या चोकचे तोंड कोणी ०.६७० इंचांचे घेतो, कोणी ०.६६५ चे, तर कोणी ०.६६० चे. यांतील लगतच्या दोन चोकांमधला फरक इंचाच्या पाच सहस्रांशांचा, म्हणजे माणसाच्या सुमारे दोन केसांच्या जाडीएवढा असतो, आणि या दोन केसांपायी सख्खे भाऊ एकाच झाडाखाली बसेनासे झाल्याचे ऐकिवात आहे. ‘सहासाठवाला’ आणि ‘सहापासष्टवाला’ हे दोन पंथ एकमेकांकडे ज्या करुणेने पाहतात ती आपल्याकडे केवळ वांग्याच्या भरीतात दही घालणारे आणि न घालणारे यांच्यातच आढळते.

या सगळ्यावर कडी केली ती टंगस्टनने. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे वापरण्यास १९९१ पासून अमेरिकेत देशभर बंदी आली, कारण पाण्यात पडलेले छर्रे गिळून बदके विषबाधेने मरत होती. त्यातून पर्यायी धातूंचा शोध सुरू झाला आणि पोलादाहून कितीतरी जड असे टंगस्टनचे मिश्रधातू बाजारात आले. पोलादाची घनता दर घनसेंटिमीटरला ७.८ ग्रॅम, शिशाची ११.३, तर टंगस्टनच्या सर्वांत जड छर्ऱ्यांची सुमारे १८ ग्रॅम. त्यामुळे शिशाचा जो नऊ नंबरचा छर्रा केवळ मातीच्या तबकड्या फोडण्यापुरता समजला जाई, त्याच आकाराचा टंगस्टनचा छर्रा चाळीस वारांवर टर्की पाडू लागला, आणि एका औंसात तो साडेतीनशेहून अधिक मावत असल्यामुळे शंभराचे जुने वर्तुळ तुडुंब भरून वाहू लागले. येथे शास्त्र संपायला हवे होते. परंतु दंडक पूर्ण झाला असे पाहताच विद्वानांनी तो बदलला. चाळीस वारांवर दोनशे मिळतात, तर साठ वारांवर शंभर का मिळू नयेत, असा प्रश्न कोणीतरी विचारला आणि सर्वजण पुन्हा बंदुकांना चोक बसवू लागले. पक्ष्याला आपल्याकडे बोलावून घेणे हाच ज्या शिकारीचा सारा आनंद, तिच्यात पक्षी जितका लांब राहील तितका अभिमान वाढावा, ही प्रगती विचार करण्यासारखी आहे.

खर्चाचा हिशेब कोणताही शिकारी स्वतःहून मांडत नाही, म्हणून तो येथे मांडणे भाग आहे. चार चोक, पाच जातींची काडतुसे आणि प्रत्येक जोडीचे किमान तीन बार धरले तर साठ बार होतात. टंगस्टनच्या एका काडतुसाला दहा डॉलर धरले तरी ही रक्कम सहाशे डॉलरवर जाते, आणि तोवर रानात पाऊलही पडलेले नसते. थँक्सगिव्हिंगच्या सुमारास याच जातीचा पाळीव, साफ केलेला, गोठवलेला आणि अंगावर एकही छर्रा नसलेला पक्षी किराणा दुकानात वीस-पंचवीस डॉलरच्या आसपास मिळतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण ज्या मराठी पूर्वजाने रचली त्याने अमेरिका पाहिली नव्हती, नाहीतर त्याने मसाल्याचे प्रमाण बरेच वाढवले असते.

प्रत्यक्ष तपासणीचा विधी शनिवारी सकाळी चालतो. मोकळ्या शेतात चाळीस वार मोजून एक चौकट उभी केली जाते, तिच्यावर खाटकाकडच्या गुंडाळ्याचा मोठा कागद ताणला जातो, मध्यभागी टर्कीचे छापील डोके डकवले जाते, आणि शिकारी टेबलावर वाळूच्या पिशव्या रचून त्यांवर बंदूक टेकवतो. रानात त्याला झाडाच्या बुंध्याशी पाय आखडून, डासांनी वेढलेला, डाव्या कुशीवर वाकून बार काढायचा असतो, पण शास्त्राला टेबल लागते. बार झाला की कागद उतरवून दहा इंची वर्तुळ आखायचे आणि भोके मोजायची. मोजताना एकदा टिपलेले भोक पुन्हा मोजले जाऊ नये म्हणून प्रत्येकावर रंगीत पेनाने खूण करावी लागते, आणि साक्षीदार म्हणून बहुधा मेहुणा हजर असतो.

“अठ्ठ्याण्णव,” मेहुणा म्हणतो.

“नीट बघ. रेषेवर दोन आहेत.”

“रेषेवरचे धरायचे का?”

“आत यायलाच निघाले होते ना ते? मग धर.”

अशा रीतीने शंभर पूर्ण होतात. पुढच्या बाराला मेहुण्याची बंदूक असते, आणि तेव्हा रेषेवरचे छर्रे बाहेरचे मानण्यात येतात.

संध्याकाळी छिद्रांकित कागदाची वळकटी काखेत मारून शिकारी घरी पोहोचतो, तेव्हा दारातच विचारणा होते.

“मिळाली का टर्की?”

“टर्कीचा अजून प्रश्नच नाही. आज फक्त कागद होता.”

“मग कागदच शिजवू का?”

या प्रश्नाला शास्त्रात उत्तर नाही. शिकारी निमूटपणे ती वळकटी गॅरेजमध्ये मागच्या वर्षीच्या वळकट्यांशेजारी ठेवतो, आणि काडतुसांची खोकी रंगाच्या रिकाम्या डब्यांमागे सरकवतो, जेथे ती पत्नीला बऱ्याच वर्षांपूर्वीच सापडलेली असतात.

तपासणीतील दुसरा अडथळा खांद्याचा. साडेतीन इंची काडतुसातून दोन औंस छर्रे सोडले की बंदुकीचा दस्ता जो धक्का मागे देतो तो हरणाच्या नेहमीच्या रायफलीच्या दुप्पट-तिप्पट असतो. तिसऱ्या बारानंतर शरीर मनाला न विचारता स्वतःच्या बचावाची तजवीज करू लागते, डोळे चाप ओढण्याच्या क्षणी मिटतात आणि नळी हळूच खाली झुकते. त्यानंतर कागदावर जे उमटते ते वस्तुतः शिकाऱ्याच्या भीतीचे चित्र असते, परंतु वहीत त्याची नोंद ‘हे काडतूस किंचित खाली मारते’ अशी होते. त्यातच एकाच खोक्यातील दोन काडतुसे, एकाच बंदुकीतून, एकाच सकाळी, कधीही सारखा फैलाव देत नाहीत. एकदा एकशे बारा, तर दुसऱ्यांदा ब्याण्णव. पहिला आकडा काडतुसाचा गुण ठरतो आणि दुसरा वाऱ्याचा दोष. ज्याला मित्रमंडळींना एकच कागद दाखवायचा असतो तो कोणता दाखवतो हे सांगण्याची गरज नाही.

या नादाची परमावधी कोठवर जाते याचे प्रमाण छापील ग्रंथातच उपलब्ध आहे. टेक्सासमधील शिकारविषयक लेखक बॉब ब्रिस्टर यांना अशी शंका आली की स्थिर कागदावर दिसतो तो फैलाव अर्धसत्य असतो, कारण छर्रे एकाच वेळी न पोहोचता एकामागून एक लांबलचक रांगेत पोहोचतात, आणि ही रांग पाहायची तर कागद धावता हवा. त्यांनी सोळा फूट लांबीचे लक्ष्य चाकांच्या गाड्यावर उभे केले, तो गाडा स्टेशन वॅगनला जोडला, ती मोटार चालवण्यास आपल्या पत्नीला बसवले आणि ती भरधाव समोरून जात असताना मागच्या लक्ष्यावर बार काढले. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात या प्रयोगांचे निष्कर्ष आहेत आणि छर्ऱ्यांची रांग खरोखर लांब असते हे त्यांतून दिसले. शास्त्रासाठी त्याग करणाऱ्यांच्या यादीत येथे नाव कोणाचे घालावे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

शेवटी हंगाम उजाडतो. शिकारी पहाटेच्या अंधारात रानात जाऊन घुबडाचा आवाज काढतो, कारण झाडावर बसलेला नर टर्की अचानक झालेल्या कोणत्याही मोठ्या आवाजाला न राहवून ओरडून उत्तर देतो, मग तो घुबडाचा असो, ढगांच्या गडगडाटाचा असो वा मोटारीचे दार आपटल्याचा. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८४ साली आपल्या मुलीला लिहिलेल्या पत्रात टर्कीला गरुडापेक्षा प्रतिष्ठित ठरवताना तो थोडा पोकळ दिमाखाचा आणि खुळा असल्याचेही मान्य केले होते, ते बहुधा यामुळेच. (फ्रँकलिन यांनी टर्कीच्या शिकाऱ्यांविषयी त्या पत्रात काही लिहिले नाही, परंतु विशेषणे बदलावी लागली नसती.) पक्ष्याचा पत्ता लागला की लाकडी पेटीची झाकणी घासून मादीचा आवाज काढायचा आणि वाट पाहायची. सर्व गणित चाळीस वारांचे झालेले असते, वहीत आकडे असतात, समोरच्या ओकच्या झाडाचे अंतर मोजून ठेवलेले असते.

आणि पक्षी दहा वारांवर येतो. तोही समोरून नव्हे, तर उजव्या खांद्यामागून, काही न ओरडता, जणू शेजारी साखर मागायला आले आहेत. हीच वेळ अशी असते की ज्या घट्ट फैलावासाठी सहाशे डॉलर खर्च झाले तोच आता अंगाशी येतो, कारण चाळीस वारांवर दहा इंचांत शंभर छर्रे घालणारी बंदूक दहा वारांवर ते सगळे छर्रे जेमतेम मुठीएवढ्या जागेत घालते, आणि मुठीएवढ्या जागेत काहीही मारायचे असेल तर बारा बोअरची बंदूक कशाला हवी, असा प्रश्न उरतो. थरथरत्या हाताने बार निघतो, पक्ष्याच्या मानेपासून चार बोटांवर असलेल्या रोपट्याचा शेंडा अत्यंत समाधानकारक घनतेने छाटला जातो, आणि टर्की काही पावले धावून, पंख फडफडवून, दरीपलीकडे निघून जातो. पूर्वीच्या ढिल्या फैलावाच्या जुन्या बंदुकीने हाच पक्षी बहुधा पडला असता. मेहुण्याला फोन लागतो.

“किती लांब होता?”

“लांब नव्हता. जवळ होता.”

“मग चुकला कसा?”

“काडतूस बदलायला हवं.”

आपले हात कापले, श्वास चुकला, किंवा अर्धा मिनिट आणखी न हलता बसायला हवे होते, ही शक्यता या शास्त्रात विचारात घेतली जात नाही, कारण न हलता बसण्याचे साहित्य दुकानात मिळत नाही.

टर्कीच्या शिकारीचा सर्वोत्तम फैलाव कोणता, या मूळ प्रश्नाचा निवाडा असा की पूर्ण चोक, शिशाचे पाच किंवा सहा नंबरचे छर्रे, दहा, वीस, तीस आणि चाळीस अशा चारही अंतरांवर एकेकदा तपासलेली बंदूक, आणि पक्षी तीस वारांच्या आत येईपर्यंत चापावर न जाणारे बोट, एवढ्यावर हा पक्षी पिढ्यान्‌पिढ्या मारला गेला आहे. साठ वारांचा हव्यास धरणाऱ्याने धरावा, फक्त त्याला शिकार म्हणू नये. तथापि कागदावर झाडलेली काडतुसे सर्वस्वी वाया जातात असे समजणेही चूक ठरेल. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार अमेरिकेत शिकारी बंदुका आणि काडतुसे यांवर ११ टक्के केंद्रीय कर बसतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो. १९३० च्या दशकात सुमारे दोन लाखांवर आलेली रानटी टर्कीची संख्या आज साठ लाखांच्या आसपास आहे, त्यामागे या पैशाचा मोठा हात आहे, आणि हा कर घेताना काडतूस टर्कीवर झाडले जाणार आहे की कागदावर, याची विचारणा होत नाही.